साथीचे दिवस आणि औषध शोधणाऱ्यांच्या सभा

साथीचा रोग आला की सामान्य माणूस दार लावून घरात बसतो, आणि त्याच वेळी औषधाच्या शोधात असलेली मंडळी एकमेकांना गाठायला निघतात. कोणी आगबोटीने जातो, कोणी तारा पाठवतो, आणि अलीकडच्या साथीत तर पडद्यावर एकमेकांचे चेहरे पाहून बैठका झाल्या. या सभांतून निघते काय, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. आम्हांलाही तो विचारला गेला.

आम्ही राहतो ते आंग मो किओ ही सिंगापूरमधील सरकारी गृहमंडळाच्या उंच इमारतींची मोठी वसाहत आहे. इमारतीखाली मोकळी जागा सोडलेली असते, तिला येथे 'व्हॉइड डेक' म्हणतात. आपल्याकडच्या चाळीच्या ओट्यासारखा तिचा उपयोग होतो. २०२० च्या फेब्रुवारीत तेथे बसणाऱ्या चिनी आजीबाई, आम्ही नर्स होतो हे ठाऊक असल्यामुळे, आम्हांला म्हणत, "सिस्टर, एवढे मोठे डॉक्टर रोज सभा घेतात, मग औषध कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्याजोगे नाही. त्यासाठी आपल्याच मुंबईपर्यंत मागे जावे लागते, आणि वाटेत आपल्याच धर्माचा एक मोठा माणूस भेटतो.

मांडवी, १८९६

रोगांविषयी राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदा १८५१ साली पॅरिसला सुरू झाल्या. पण त्या मुख्यत्वे वकिलातींच्या सभा होत्या. कोणते जहाज किती दिवस बंदराबाहेर अडवून ठेवायचे, यावर तेथे वाद होई. १८९७ साली व्हेनिस येथे प्लेगवर जी परिषद भरली, तिचे कारण मुंबई होती. परंतु तिथेही बोलणे झाले ते जहाजे आणि यात्रेकरू यांच्याबद्दल. रोग्याच्या खाटेपाशी काय द्यायचे, हे त्या परिषदेच्या कक्षेबाहेर राहिले.

ती चर्चा मुंबईत चालू झाली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी मांडवीतला पहिला प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे आपल्या वाडवडिलांचा मोहल्ला. सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली स्थापन केलेल्या 'शार हारहमीम' सिनेगॉगला, आपली माणसे जिला जुनी मशीद म्हणतात तिला, त्याच वर्षी शंभर वर्षे पुरी होत होती. तेव्हा प्लेगची बातमी आपल्या लोकांना परक्या गावची नव्हती. ती शेजारच्या गल्लीतली होती.

ऑक्टोबरात डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेला हा यहुदी शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला होता आणि १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचत हिंडत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या भांडवलावर त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली, आणि टोचलेले व न टोचलेले यांची तुलना करण्यात आली. आगाखान तिसरे यांनी आपले 'खुशरू लॉज' प्रयोगशाळेसाठी दिले आणि लोकांची भीती जावी म्हणून चारचौघांत लस टोचून घेतली.

त्या वर्षी मुंबईत कोणी सभेचे आमंत्रण काढले नव्हते, तरी सभा जणू आपसूकच भरली. जर्मनीहून गाफ्की आले, मागाहून स्वतः रॉबर्ट कॉख आले. ऑस्ट्रियाचे पथक आले, रशियाहून व्हिसोकोविच आणि झाबोलोत्नी आले, फ्लॉरेन्सहून लुस्टिग आणि गालेओत्ती आले. १८९४ साली हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणारे येर्सिन आपले सीरम घेऊन उतरले. प्रत्येकाच्या पेटीत एक आशा होती. येर्सिन यांच्या सीरमने मुंबईत निराशा केली. रोगी मरतच राहिले. चीनच्या किनाऱ्यावर ज्या औषधाची वाहवा झाली होती, ते मुंबईत उतरले नाही, आणि ही गोष्ट लपून राहिली नाही. आमच्या मते सभेचा पहिला फायदा हाच. एका गावात नाव कमावलेले औषध दुसऱ्या गावात, दुसऱ्या लोकांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पारखले जाते.

या पारखण्यात एका मुंबईकराचे नाव सांगायलाच हवे. आर्थर रोड रुग्णालयाचे पारशी डॉक्टर नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी लुस्टिग यांचे सीरम वापरताना एक साधी पण फार मोलाची शिस्त पाळली. येणाऱ्या रोग्यांपैकी एकाला सीरम, दुसऱ्याला नेहमीचा उपचार, असे आलटून पालटून. याला बरा होण्याजोगा दिसतो म्हणून सीरम द्या आणि त्याला मरणोन्मुख दिसतो म्हणून देऊ नका, अशी निवड डॉक्टरच्या हाती ठेवली की औषध खोटेच गुणकारी दिसते. चोक्सींच्या तुलनेत फायदा दिसला तो बेताचाच, आणि त्यांनी तो तसाच मांडला. आज औषधाच्या चाचणीत चिठ्ठी टाकून रोगी निवडतात, त्या पद्धतीचे हे मुंबईतले एक पूर्वरूप होय.

अशा तुलनेचे आकडे कोठून येतात? सभेत ते वाचून दाखवतो डॉक्टर. पण दर चार तासांनी ताप पाहून तक्त्यावर टिंब मांडणारा हात बहुधा नर्सचा असतो. नर्सला सभेचे बोलावणे नसते. मोल मात्र तिलाही द्यावे लागले आहे. ऑस्ट्रियन पथकाने मुंबईहून व्हिएन्नाला नेलेल्या जंतूंपासून ऑक्टोबर १८९८ मध्ये प्रयोगशाळेतल्या फ्रान्झ बारिश या नोकराला प्लेग झाला. मुंबईत काम केलेल्या डॉ. हेर्मान म्युलर यांनी त्याची शुश्रूषा केली आणि तेही गेले. त्यांच्या पाठोपाठ आल्बर्टिना पेखा ही नर्स गेली. औषधाच्या शोधाचा इतिहास सांगताना हे नाव गाळू नये, असे आम्हांला वाटते.

हाफकिन यांच्यावरचा आळ

१८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा उघडली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तेथून लाखो मात्रा देशभर जात होत्या. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकशे सात जणांना लस टोचली गेली, त्यांतली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. त्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला, आणि त्यांचे काम त्यांच्या हातून काढून घेण्यात आले.

गावात घडले होते ते असे. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले. खाली पडलेले हत्यार उकळल्याखेरीज हातात घ्यायचे नाही, हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षातला धडा आहे. एवढ्याशा गोष्टीवर एका मोठ्या शास्त्रज्ञाची अब्रू टांगली गेली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही पुरावा तपासला. तरी चौकशीचे कागद पुष्कळ उशिरा उजेडात आले. ते आले तेव्हा मलेरियाचा वाहक शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत संशोधक पुढे सरसावले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचे सह्यांचे पत्र आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरीत घेतले. फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रायफस १९०६ साली निर्दोष ठरले होते. तेव्हाच्या लोकांना या दोन प्रकरणांत साम्य दिसले, यात नवल नाही.

पाच वर्षे हा माणूस आळाखाली राहिला. त्याची सुटका झाली ती मंत्र्याच्या मेहेरबानीने झाली नाही. समव्यवसायी लोकांनी पुरावा मागवला, वाचला आणि आपल्या नावानिशी बोलले म्हणून झाली. सभेचा हा दुसरा फायदा. ती जशी औषध पारखते, तशीच आरोपही पारखते. हाफकिन १९३० साली लोझान येथे वारले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते आचारधर्म कटाक्षाने पाळू लागले होते आणि त्यांनी आपली मिळकत यहुदी धर्मशिक्षणासाठी ठेवली. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्येच दिले गेले होते. भारताने १९६४ साली आणि इस्रायलने १९९४ साली त्यांचे टपाल तिकीट काढले.

मुकदेनची बैठक

मुंबईला आलेल्यांपैकी झाबोलोत्नी आणि गालेओत्ती पुन्हा एकत्र दिसले ते एप्रिल १९११ मध्ये, मांचुरियातल्या मुकदेन शहरी. १९१० च्या हिवाळ्यात तेथे फुप्फुसाचा प्लेग पसरून सुमारे साठ हजार माणसे मेली. चीनच्या सरकारने साथीवर ज्याला नेमले, तो तरुण डॉक्टर आमच्या या भागातला. वू लिएन-ते यांचा जन्म १८७९ साली पेनांगला झाला. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून तेव्हा स्ट्रेट्स सेटलमेंट्स ही इंग्रजांची वसाहत होती. हा प्लेग उंदीर-पिसवांवाचून, माणसाच्या खोकल्यातून माणसाला होतो, असे वू यांनी सांगितले आणि कापूस व गॉझ यांचा मुखपट्टा बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी नावाच्या वडीलधाऱ्या फ्रेंच डॉक्टरांना ते पटले नाही. ते मुखपट्ट्यावाचून रोग्यांत गेले आणि जानेवारी १९११ मध्ये प्लेगनेच वारले.

३ ते २८ एप्रिल या काळात अकरा राष्ट्रांचे वैद्य मुकदेनला जमले. अध्यक्षस्थानी बत्तीस वर्षांचे वू होते आणि समोर किटासातोंसारखे जगप्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ बसले होते. साथ नुकतीच ओसरली होती, त्यामुळे प्रत्येकाचे तक्ते ताजे होते. सीरम देऊन पाहिलेले, लस टोचून पाहिलेली, सगळ्यांनी आपापले आकडे ठेवले, आणि जमेस आले ते हे: फुप्फुसाचा प्लेग झालेला रोगी वाचवील असे औषध कोणाजवळही नाही. लागण झालेले जवळजवळ सगळे मेले होते. लसीचा उपयोग किती, हेही ठामपणे सांगता येत नव्हते. रोग्याला वेगळे ठेवणे, मुखपट्टा आणि प्रवासावर नजर, एवढेच हाती उरले.

कोणी म्हणेल, चार आठवडे बसून हेच का मिळवले? आमचे उत्तर असे की, हे मिळणे लहान नव्हते. अकरा देशांनी आपले अपयश एका पुस्तकात छापले. ते पुस्तक १९१२ साली मनिलाला प्रसिद्ध झाले. पुढच्या संशोधकाला त्याच वाटेने जाऊन पुन्हा माणसे गमावण्याचे कारण उरले नाही. आपल्याकडे प्रार्थनेला मिन्यान लागतो. दहा माणसे जमल्याखेरीज काही प्रार्थना म्हणता येतच नाहीत, मग एकटा माणूस कितीही भाविक असो. औषधाच्या कामातही एकट्याच्या खात्रीला फारसा अर्थ नसतो, हे मुकदेनला दिसले.

त्यानंतर अतिपूर्वेकडील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संघाची पाचवी परिषद १९२३ साली सिंगापूरला भरली आणि सातवी १९२७ मध्ये कलकत्त्याला. १९२५ साली राष्ट्रसंघाने सिंगापुरात साथींच्या बातम्यांची कचेरी उघडली. निरनिराळ्या बंदरांतून तारांनी खबर येई आणि येथून बिनतारी यंत्राने ती दर आठवड्याला सगळीकडे जाई. परळला साहिबसिंग सोखी व त्यांचे सहकारी यांनी १९४० च्या सुमारास सल्फा औषधे प्लेगवर वापरून पाहिली, तेव्हा कुठे रोगी बरे होऊ लागले. पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिन आले. मुंबईच्या पहिल्या प्लेगपासून खरे औषध मिळेपर्यंत सुमारे पंचेचाळीस वर्षे गेली.

सार्सचे वर्ष

आता सिंगापूरच्या २००३ सालाकडे येऊ. सार्सने येथे २३८ माणसे आजारी पडली आणि ३३ दगावली. मरणाऱ्यांत रुग्णसेवेतली माणसेही होती. शाळेतल्या मुलांच्या दप्तरात थर्मामीटर आले. या रोगाचा आणि सभांचा संबंध विलक्षण आहे. येथल्या पहिल्या रोग्यांवर उपचार केलेले एक डॉक्टर न्यूयॉर्कला वैद्यकीय परिषदेस गेले होते. परतीच्या विमानात असताना त्यांच्या आजाराची खबर पोहोचली आणि १५ मार्च रोजी त्यांना फ्रांकफुर्टला उतरवून घेण्यात आले. ते वाचले. हानोईत हा रोग प्रथम ओळखणारे इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी बँकॉकला एका परिषदेसाठी निघाले असताना आजारी झाले आणि २९ मार्चला वारले. ज्ञान घेऊन जाणारा माणूस रोगही घेऊन जाऊ शकतो, हे तेव्हा सर्वांना कळून चुकले.

म्हणून सभेचे रूप बदलले. १७ मार्चपासून नऊ देशांतल्या अकरा प्रयोगशाळा रोज दूरध्वनीवर एकत्र बोलू लागल्या आणि महिन्याभरात, १६ एप्रिलला, रोगाचा विषाणू निश्चित झाला. मुंबईत जी पारख करायला लोकांना आगबोटीने यावे लागे, ती जागच्या जागी होऊ लागली. जूनमध्ये क्वालालंपूरला जागतिक परिषद भरली तोवर साथ संपत आली होती. त्याच वर्षी अखेरीस सिंगापुरात बायोपोलिस ही संशोधकांची वसाहत उघडली. परंतु औषधाच्या बाबतीत एक गोष्ट लागण्यासारखी झाली. एका अमेरिकन कंपनीने सार्सच्या विषाणूचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, अडवणारे संयुग तयार केले होते. रोगी उरले नाहीत, तेव्हा ते फडताळात गेले आणि सतरा वर्षे तेथेच राहिले.

कोविडच्या सभा

कोविड आला तेव्हा सुरुवातीचे दिवस जुन्या रीतीनेच गेले. जानेवारी २०२० मध्ये सिंगापूरच्या एका हॉटेलात झालेल्या व्यापारी बैठकीतून रोग अनेक देशांत गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस बॉस्टनला एका औषध कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या सभेतही तेच घडले. ११ व १२ फेब्रुवारीला जिनीव्हात जागतिक आरोग्य संघटनेने तीनशेहून अधिक तज्ज्ञ बोलावून संशोधनाची दिशा ठरवली; रोगाचे 'कोविड-१९' हे नावही त्याच वेळी जाहीर झाले. मार्चमध्ये बॉस्टनची एचआयव्हीवरची मोठी परिषद ऐनवेळी पडद्यावर हलवावी लागली. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांची फिलाडेल्फियाची सभा तर रद्दच झाली.

आजीबाईंचा प्रश्न याच दिवसांतला. आमच्या आंग मो किओपासून मेट्रोने चौथे स्टेशन नोविना. तेथे टॅन टॉक सेंग हे सार्सच्या वेळचे रुग्णालय आणि त्याला लागून २०१९ साली उघडलेले संसर्गजन्य रोगांचे राष्ट्रीय केंद्र आहे. रेमडेसिव्हिरच्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या केंद्राचाही भाग होता. तेव्हा औषध शोधण्याचे काम जिनीव्हाइतकेच आमच्या शेजारीही चालू होते.

काय निघाले ते पाहा. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमधून खबर आली की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध श्वसनयंत्रावरच्या रोग्यांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. ऑक्टोबरात तीस देशांतल्या अकरा हजारांहून अधिक रोग्यांचे आकडे आले आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लोपिनाव्हिर, इंटरफेरॉन व रेमडेसिव्हिर यांनी रुग्णालयातल्या रोग्यांचे मृत्यू फारसे घटत नाहीत, असे दिसले. यांपैकी पहिल्या गोळीसाठी भारतातल्या दुकानांवर किती झुंबड उडाली होती, हे वाचकांना आठवत असेल. त्या गोळीमागे धावलेल्यांना खाली बसवले ते मुकदेनसारख्याच एका सामुदायिक कबुलीने.

आणि ते फडताळातले संयुग? २०२० मध्ये ते बाहेर काढण्यात आले. ते शिरेतूनच द्यावे लागे, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरबदल करून तोंडाने घेता येईल असा नवा रेणू घडवला. ६ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत, जी त्या वर्षी पडद्यावर भरली होती, त्याची रचना प्रथम सर्वांसमोर मांडण्यात आली. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. 'पॅक्सलोव्हिड' हे त्याचे बाजारातले नाव. लस न घेतलेल्या, धोका असलेल्या रोग्यांत त्याने मोठा गुण दिला. पुढे लस घेतलेल्या व कमी धोक्याच्या लोकांत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही, आणि तेही छापले गेले.

पंचेचाळीस वर्षांचे काम दोन वर्षांत कसे झाले, याचे बरेचसे श्रेय २००३ च्या त्या अर्धवट कामाला आहे. ते मध्येच टाकून दिले नसते, तर २०२० च्या जानेवारीत हाती काय असते, हा विचार मनातून जात नाही. साथ असते तोवर सभागृहे भरतात, पैसा वाहतो; साथ गेली की दोन्ही आटतात. औषध मात्र पुढच्या साथीआधी तयार व्हावे लागते. आजीबाईंना द्यायचे उत्तर हेच, की सभेत औषध निघत नाही. कोणते औषध खरे आणि कोणते नुसते नावाचे, एवढे तेथे ठरते, आणि त्यावाचून खरे औषध ओळखूच येत नाही.

आपल्या समाजातून डॉक्टर आणि नर्सेस पुष्कळ निघाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ज्यांची नावे कोठेही छापली नाहीत अशाही अनेकजणी मुंबई, पुणे, अहमदाबादच्या वॉर्डांतून आणि पुढे इस्रायलच्या रुग्णालयांतून राबल्या. कोणाच्या घरी त्यांच्या वह्या, प्रशस्तिपत्रे, साथीच्या ड्यूटीचे कागद असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. हाफकिन यांना न्याय मिळाला तो जपून ठेवलेल्या कागदांमुळेच.